दोनच तांबे राहिले होते

बायांनो, मी आजी होणार हाय, हे तर अख्ख्या खांदेश्वरला सांगून झालंय! लेक चौथ्या महिन्यात माहेरी आलीय. आज सकाळी म्हटलं, गिझरचं पाणी कसलं, आपण पातेल्यात कढत तापवू. बाथरूमचं दार लावलं, तिला पाटावर बसवली नि पाठीवर तांबे ओतत सुटले. आमच्या साताऱ्याकडं असंच घालतात.

"आई, पुरे. गरगरतंय."

"गप गं, दोनच तांबे राहिलेत."

ती माझ्या अंगावर कलंडलीच.

दार उघडलं, पंख्याखाली निजवली, शुद्धीवर आली तशी डॉक्टरीणबाईंकडं नेली. त्यांनी बाळाचे ठोके ऐकवले, घोड्यावानी पळत होते! मग म्हणाल्या, "आजी, कढत नको, कोमट घाला. दार उघडं ठेवा."

पण बायांनो, "दोनच तांबे राहिलेत" हे बोलणं माझ्या सासूबाईंचं. माझ्या पहिल्या खेपेला पाटावर बसून मीही पुरे म्हटलं होतं. ते बाळ राहिलं नाही. कशानं गेलं, कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

दुपारपासून त्या तांब्याकडं बघवत नाही. तुमी लेकीसुनांना पाणी घालता ना? ती पुरे म्हणाली की थांबता का?