मामाच्या मापाचा पूर्वज

माझ्या मामाला सगळे हाडवैद्य म्हणायचे. त्याचे रोगी मात्र मरून लाखो वर्षं झालेली. संग्रहालयाच्या तळघरात बसून तो सुईनं जीवाश्मांवरची माती काढायचा, तुकडे जुळवायचा. तुटल्या जागी भरलेलं प्लास्टर पांढरंच ठेवायचं, म्हणजे हाड कुठलं आणि अंदाज कुठला ते कळतं, हा त्या खोलीचा नियम.

तो नवा होता तेव्हा एका प्राचीन वानराच्या खालच्या जबड्याचे दोन तुकडे आले, डावा आणि उजवा. मधला भाग गायब, संग्रहालयाच्या साहेबांना घाई. अंतर किती ठेवावं कळेना, तेव्हा या पठ्ठ्यानं स्वतःचाच जबडा बोटांत धरून माप घेतलं. वर हौसेनं प्लास्टर हाडाच्या रंगात रंगवलं. साहेब खूश, मामाची नोकरी पक्की.

वानरांच्या दाढांच्या रांगा समांतर असतात, माणसाच्या मात्र मागे फाकत जातात. या जबड्याच्या फाकलेल्या. साहेबांनी लिहिलं, हा माणसाचा पूर्वज. त्यावरून काढलेला चेहरा पाठ्यपुस्तकात आला. चौथीत मी तो मामीला दाखवला.

"अगं, हे तर तुझ्या मामाचे थोरले बंधू!" ती हसली.

मामा ताटावरून उठला. त्या दिवसापासून त्यानं दाढी राखली.

भूत मेलेल्याचं असतं. मामाच्या मानगुटीवर कधी जन्मालाच न आलेला बसला होता. खरं सांगावं तर नोकरी आणि साहेबांची अब्रू दोन्ही जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मोठी झाल्यावर त्यानं हे मला एकटीला सांगितलं, तेव्हापासून मला त्याची कीव यायची, आणि रागही.

साहेब वारले. मामाच्या निवृत्तीला महिना उरला असताना एक तरुण संशोधिका अखंड जबडा घेऊन आली. दाढा जुन्या जबड्यासारख्याच हुबेहूब, रांगा मात्र समांतर.

"काका, तुमच्या जबड्याशी जुळत नाही. वरचे म्हणतात, वेगळा प्राणी म्हणून लिही."

मामानं कपाट उघडलं, ओल्या बोळ्यानं रंग पुसला. मधोमध पांढरं प्लास्टर उघडं पडलं.

"बाई, हे माप माझ्या तोंडाचं आहे," तो म्हणाला.

तिनं तुकडे सोडवून नव्या जबड्यावर धरले. तंतोतंत बसले. दोन्ही जबडे एकाच जातीचे, आणि नातं वानरांशी.

कपाट रिकामं झालं. मामानं दाढी उतरवली. मी मागे टॉवेल घेऊन उभी होते. आरशात पुस्तकातला तोच चेहरा.

"कपाटातून गेला गं," मामा स्वतःचा जबडा चाचपत म्हणाला. "इथून कसा घालवू?"