बॉनेटवरच्या रेघा

देऊळगाव राजाच्या रस्त्यावर एक जण गाड्या धुतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. काळी गाडी आली की तो आधी हातातलं कडं काढून खिशात टाकतो. कोणी धुळीवर कोरडं फडकं मारलं, की ओरडतो, "काऊन घासून राह्यले? आधी पाणी मारा नं!"

माझ्या नव्या काळ्या गाडीवर पाखरांनी घाण केली, ती वडिलांनी तारेच्या घासणीनं काढली. बॉनेटभर रेघा उठल्या. मी राग गिळून गाडी त्याच्याकडे नेली. वडील शेजारी मान खाली घालून बसले होते.

त्यानं रेघांवरून बोट फिरवलं, मग वडिलांकडे पाहिलं. आता हा त्यांना झापणार, असं वाटलं. मी थांबवणारही नव्हतो.

"काका, घाण लगेच काढली, बरं केलं," तो म्हणाला. "राह्यली असती तर रंगच खाल्ला असता. फक्त घासणी नका घेऊ. या, तुमाले दाखवतो."

त्यानं ओलं, मऊ फडकं वडिलांच्या हातात दिलं.

पॉलिशनं बऱ्याच रेघा गेल्या, खोल होत्या त्या राहिल्या. परतताना वडील मला गाडी कशी पुसायची ते समजावत होते. मी निमूटपणे "हो बाबा" म्हणत होतो. त्या दिवशी माझ्या तोंडून जे निघालं असतं, ते कुठल्याच पॉलिशनं गेलं नसतं. ते त्या गाडी धुणाऱ्यानं निघू दिलं नाही.