घरातली तारकर्ली

विनिताला प्रत्येक गोष्ट आधी ठरवलेली लागायची. कोपरच्या या बिल्डिंगमध्ये राहायला येताना सामानाच्या टेम्पोच्या आधी ती स्वतः येऊन गेली होती आणि कुठला खिळा कुठे ठोकायचा याच्या खुणा भिंतीवर पेन्सिलीने करून ठेवल्या होत्या. सान्वीच्या वेळी दवाखान्यात न्यायची पिशवी सातव्या महिन्यातच भरून दाराशी उभी होती. शेजारच्या मालनकाकू म्हणायच्या, "हिच्या घरात झुरळसुद्धा विचारून येतं." मे महिन्यातली तारकर्लीची सहल तिने जानेवारीतच ठरवली, आणि सान्वीने ती सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकली.

मार्चमध्ये तिच्या नवऱ्याची, सुशांतची नोकरी गेली. घोडबंदर रोडवरचं त्याच्या कंपनीचं ऑफिसच बंद झालं. घरात त्याने ते बऱ्याच उशिरा सांगितलं. तोवर तो रोज डबा घेऊन निघायचा, शहाडला नदीकाठच्या देवळात बसायचा आणि संध्याकाळी परत यायचा. सांगून झाल्यावरही तो तसाच निघत राहिला, आता विनिताच्या संमतीने. दुसरी नोकरी मिळेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. मागे तिसऱ्या मजल्यावरच्या एकाची नोकरी गेली होती, तेव्हा लोक तोंडावर हळहळायचे आणि त्याची पाठ वळली की "याचंच काहीतरी असणार" म्हणायचे. म्हणणाऱ्यांत हे दोघेही होते.

तारकर्लीचं बुकिंग रद्द झालं. सान्वीने सांगून ठेवलेलं मात्र रद्द करता येत नव्हतं. जिन्यात जो भेटेल तो विचारायचा, "मग, कधी निघताय?"

"घरातच सुट्टी करू," एका सकाळी विनिता म्हणाली. "गेलोय म्हणून सांगायचं आणि आठवडाभर आत राहायचं."

"वेडी झालीस का?"

"मग तू सांग खाली जाऊन, का नाही जात ते."

सुशांतने चहाचा कप उचलून बेसिनमध्ये ठेवला.

मग विनिता कामाला लागली. पहाटेच निघणार असं सगळ्यांना सांगितलं, म्हणजे जाताना कोणी पाहायचा प्रश्न नाही. दूध आणि पेपर बंद केला. आंबे, कुरमुरे, बिस्किटं, पत्ते, रंगपेटी असं सगळं आधीच आणून ठेवलं. कुकरची शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात शिजवायचा आणि फोडणी द्यायची नाही, कारण वास जिन्यात जातो. हॉलमध्ये निळी चादर अंथरली, तो समुद्र झाला. त्यावर खुर्च्यांना ओढण्या बांधून तंबू उभा केला. आणि सान्वीसाठी एक खेळ काढला: ज्याचा आवाज होईल तो आऊट.

सान्वी खुळ्यासारखी खूश होती. बाबा दिवसभर घरी होता, तिला बुद्धिबळ शिकवत होता, तंबूत तिच्या शेजारी पोटावर झोपून कुजबुजत गोष्टी सांगत होता. हसू आलं की ती उशीत तोंड खुपसायची. खऱ्या तारकर्लीला विनिताचा जीव सारखा टांगणीला लागला असता, पाणी किती खोल, बोटीत जॅकेट देतात की नाही, बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर काय. इथे त्यातलं काहीच नव्हतं. दुपारी निळ्या चादरीवर झोपलेल्या त्या दोघांकडे बघताना तिला वाटायचं, इतकी चांगली सुट्टी आपल्याला कधी मिळालीच नव्हती.

फक्त सकाळी तिला जड जायचं. मालनकाकू एकट्या राहायच्या. लेक देवयानी बेंगळुरूला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या घराची जास्तीची चावी विनिताकडे असायची, दारामागच्या हुकाला, लाल दोऱ्यात. निघायच्या आदल्या दिवशी विनिता ती परत द्यायला गेली होती.

"राहू दे गं तुझ्याकडेच," काकू म्हणाल्या. "मी कुठे पळून जातेय? आणि तुमचा उंबरा मी बघते. घर बंद असलं तरी दार सुनं नको."

त्याप्रमाणे त्या रोज सकाळी यायच्या. पीपहोलमधून विनिताला दिसायचं. आधी भिंतीचा आधार, मग गुडघ्यावर हात, मग हळूहळू वाकणं. ओल्या फडक्याने उंबरा पुसून त्या छोटीशी रांगोळी काढायच्या, दाराच्या इतक्या जवळ की त्यांचा श्वास ऐकू यायचा. आतल्या बाजूला विनिता भिंतीला चिकटून उभी असायची. कोणीतरी आपल्या रिकाम्या घराची इतकी काळजी घेतंय आणि आपण त्या घरात आहोत, याची तिला शरम वाटायची. काकू गेल्या की ती चहा टाकायची आणि विसरायची.

आणि मग एका सकाळी रांगोळी नव्हती. उंबऱ्यावर कालचीच होती, विस्कटलेली. काकूंच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकत होती.

"काकू आल्या नाहीत आज," ती सुशांतला म्हणाली.

"गुडघा धरला असेल. झोपू दे."

"दूध पण घेतलं नाहीये."

"मग काय करू या? जाऊन विचारू या?"

त्याने ते चिडून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. सान्वीला आंबा कापून द्यायला विनिता आत गेली.

यांचं स्वयंपाकघर आणि काकूंचं स्वयंपाकघर, मध्ये एकच भिंत. दुपारी पलीकडे फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. मग दुसरा एक आवाज आला. फरशीवर स्टीलची वाटी आपटल्यासारखा. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

सान्वी तंबूतून डोकं बाहेर काढून हळूच म्हणाली, "मालनआजी आऊट."

तेवढ्यात विनिताचा मोबाइल थरथरला. देवयानी.

"वहिनी, सॉरी, तुम्ही फिरायला गेलायत आणि मी त्रास देतेय. आई सकाळपासून फोन उचलत नाहीये. प्रफुल्लभाऊंना वर पाठवलं, ते बेल वाजवतायत, आतून काहीच नाही. कुलूप तोडू का म्हणतायत. चावी तुमच्यासोबत आहे की घरात?"

विनिताने हुकाकडे पाहिलं. सुशांत समोर उभा होता, नको म्हणून मान हलवत होता. "अगं, आम्ही परतच येतोय," ती म्हणाली. वाक्य तिच्या तोंडून आपसूक आलं, जणू आधीच ठरवून ठेवलं होतं. "सान्वीचं पोट बिघडलं म्हणून लवकर निघालो. शिळफाट्याला अडकलोय. पोचतोच."

"देवासारख्या भेटलात हो. मग कुलूप नाही तोडायला सांगत. तुम्ही येताच आहात तर."

फोन ठेवल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते.

ती पीपहोलशी गेली. सोसायटीचे सेक्रेटरी प्रफुल्लभाऊ जिन्याच्या पायरीवर बसले होते. बिल्डिंगची जमीन त्यांच्याच आजोबांची, मिठागरालगतची. कोणाच्याही घरी काही झालं की पहिले हेच धावायचे. ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, "चावी घेऊन येतायत. शिळफाट्याला आहेत म्हणे. तिथला ट्रॅफिक तुला माहितीये ना."

जिन्यात वाटीचा आवाज पोचत नव्हता. तो फक्त इकडे येत होता.

"तो खाली जाईल," सुशांत कुजबुजला. "पाणी प्यायला तरी जाईल. तो गेला की लगेच जाऊ."

"आणि नाही गेला तर?"

"थोडं थांब, विनू. आता उघडलं तर काय सांगणार आपण?"

तिने चावी हुकावरून काढून मुठीत धरली. प्रफुल्लभाऊ गेले नाहीत. त्यांनी चप्पल काढली, भिंतीला टेकून पाय पसरले. वाटी वाजत होती, पण दोन आवाजांमधलं अंतर वाढत चाललं होतं. प्रत्येक वेळी विनिता मनात म्हणायची, पुढचा आवाज आला की उघडते. तो आला की तिला वाटायचं, अजून आवाज येतोय, म्हणजे अजून वेळ आहे.

मग आवाज आलाच नाही.

तिने दार उघडलं. प्रफुल्लभाऊ दचकून उभे राहिले. त्यांनी तिच्या अंगावरचा गाऊन पाहिला, हातातली चावी पाहिली, मागच्या काळोख्या हॉलमध्ये निळ्या चादरीवर बसलेली सान्वी पाहिली.

"वहिनी, तुम्ही..."

"बाजूला व्हा, भाऊ."

मालनकाकू स्वयंपाकघरात भिंतीलगत पडल्या होत्या. रांगोळीचा डबा उलटून सगळीकडे पांढरं झालं होतं. वाटी हातातून सुटली होती. श्वास चालू होता, पण डोळे कोणालाच ओळखत नव्हते. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये त्या गेल्या. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या का, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

बिल्डिंगला सगळं कळलं, नोकरीचंही. तोंडावर कोणी काही बोललं नाही. प्रफुल्लभाऊ एकदा जिन्यात थांबून सुशांतला म्हणाले, "आधी बोलायचं ना. माझ्या चुलतभावाला हिशेबाला माणूस पाहिजे होता." आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरले.

तेरावं झाल्यावर देवयानी चावी न्यायला आली. पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "वहिनी, मला भांडायचं नाहीये. लाजेपायी माणूस काय करेल, मला समजतं. फक्त एवढं सांगा. तिने आवाज दिला होता का? काही ऐकू आलं होतं तुम्हाला?"

"नाही गं," विनिता म्हणाली. "पंखा चालू होता. काहीच कळलं नाही."

सुशांत खिडकीबाहेर बघत राहिला. सान्वी जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. देवयानी तिच्याकडे वळली. "आणि तुला गं, सोन्या? तुला काही ऐकू आलेलं?"

सान्वीने आईकडे पाहिलं. विनिताचा चेहरा हलला नाही. मग सान्वीने ओठ घट्ट मिटले आणि नाही म्हणून मान हलवली, जरासुद्धा आवाज न करता, शिकवलं होतं तशी.