मागच्या रांगेतली पंचफुलाबाई

पुसेगावात वैजनाथचा फोटो स्टुडिओ आणि माझं तसबिरींचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. तो फोटो काढतो, मी त्याला काच आणि चौकट लावतो. मी तोंडाचा फटकळ आणि तो सगळं मनाला लावून घेणारा, त्यामुळे आमचं बोलणं वरचेवर बंद पडतं. पण गिऱ्हाईक एकच असल्यामुळे दुपारपर्यंत पुन्हा सुरू करावं लागतं.

लोकांना वाटतं, फोटोग्राफर लग्नांवर जगतो. लग्नं काय, दोन-तीन महिने. माणसं बारमाही मरतात. आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा एकट्याचा फोटो सहसा नसतोच. कुणी गेलं की तेरवीच्या आत घरचे कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम घेऊन येतात, ग्रुप फोटोतल्या एका डोक्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे आमचे बाबा. भिंतीला लावायजोगे करून द्या." वैजनाथ तेवढा चेहरा उचलून मोठा करायचा आणि हिंगोलीची लॅब त्याखाली तयार कोट बसवायची. कोट एकच होता. आमच्या भागातले निम्मे मयत पुरुष त्या एका कोटात भिंतीवर बसले आहेत. जन्मभर धोतरात वावरलेल्यांनाही तो बराबर होतो.

रोलच्या काळात हे जमून जायचं. चेहरा दाणेदार यायचा, पण माणूस ओळखू यायचा. २००५ साली वैजनाथने रोलचा कॅमेरा विकून डिजिटल घेतला. रोल भरणं नाही, धुणं नाही, काढला की लगेच दिसतो; स्वारी महिनाभर हवेत होती. या कॅमेऱ्याच्या पोटातला सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो तुकडा, जुन्या निगेटिव्हपेक्षा बराच लहान असतो, हे तेव्हा त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

नामाजी मेंढरं राखणारा. गावाबाहेर माळावर त्याची आणि त्याच्या धाकट्या भावाची वस्ती. नामाजी आणि पंचफुलाबाईला लेकरू नव्हतं. पुतण्याचं लग्न झालं ते त्यांनी पोटच्या पोराचं असावं तसं केलं, आणि फोटोला वैजनाथ होता, हाच डिजिटल घेऊन. पुढच्याच वर्षी, मेंढरं सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला बसवलेली असताना, पंचफुलाबाई तापाने गेली. नामाजी अल्बम घेऊन स्टुडिओत आला. अख्ख्या अल्बमात ती एकाच ठिकाणी होती. ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, नवरदेवाच्या आईच्या म्हणजे धाकट्या जावेच्या, रूपाबाईच्या, खांद्याआड अर्धी. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा.

वैजनाथने तो कॉम्प्युटरवर मोठा केला तर नुसते चौकोन दिसायला लागले. लॅबवाल्याने त्या चौकोनांवर कुठल्या तरी बाईचे डोळे बसवले, नाक दुरुस्त केलं, नथ घातली, अंगाला भारी शालू दिला. नामाजीने तो फोटो दारातल्या उजेडात नेऊन बघितला. बराच वेळ बघितला.

"बाई चांगली हाय," तो म्हणाला. "पन ही कोन हाय?"

वैजनाथचं तोंड उतरलं. "कॅमेरा ल्हान पडला, मामा. मोठा असता तर चेहरा बराबर निघाला असता."

शेवटी नामाजीने तो ग्रुप फोटोच माझ्याकडून काच-चौकट लावून नेला. मी लावून दिला, कारण माझा तो धंदा आहे. पण त्याचं पुढे काय होणार हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. बाई अहेव, नवऱ्याआधी गेलेली, म्हणून नामाजी रोज सकाळी काचेवरून तिला कुंकू लावायचा. त्याच्या एका बोटात पंचफुलाबाईचा सगळा चेहरा जायचा आणि पुढे उभ्या असलेल्या रूपाबाईच्या कपाळालाही लागायचं. वरून हार. म्हणजे नवरानवरीसकट अख्खं वऱ्हाड हाराखाली.

रूपाबाई एक दिवस तणतणत माझ्या दुकानी आली.

"मी जित्ती हाय न्हवं? मंग मला हार काहून? माझ्या सुनंला हार काहून? माझे गुडघे गेलेत ते ह्याच्यानंच गेलेत. मला त्या फोटोतून काढा."

मी म्हटलं, "बाई, तुला कापलं तर जाऊबाईबी अर्धी कापली जाती."

"मंग काय मी मरू व्हय?" असं म्हणून ती खाली बसली आणि रडायला लागली. जावेसाठी रडत होती की स्वतःच्या भीतीने, तिलाही सांगता आलं नसतं. भिंतीपलीकडून वैजनाथ सगळं ऐकत होता. त्या दिवशी त्याने दुकान दुपारीच बंद केलं.

मग नांदेडला एका कंपनीने फोटोग्राफरांना बोलावून नवे कॅमेरे दाखवले, आणि हा तिथून झपाटून आला. फुल-फ्रेम म्हणतात त्याला. सेन्सर निगेटिव्हएवढा पूर्ण. तिथे एका वऱ्हाडाचा मोठा फोटो लावला होता आणि म्हणे मागच्या रांगेतल्या माणसाच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. चहा पिताना तेच, दुकान झाडताना तेच. हिंगोलीच्या एका फोटोग्राफरने तो घेतलाय आणि आता सेनगावची लग्नंसुद्धा त्यालाच बोलावतात, हेही त्यात यायचं, पण हळू आवाजात.

कॅमेरा घ्यायचा तर एकच वाट होती. हिंगोलीला स्टेशनच्या बाजूला वैजनाथचा प्लॉट होता, तो विकायचा. त्या प्लॉटवर सत्यशीलाने, त्याच्या बायकोने, चार दगड मांडून स्वयंपाकघर कुठे येणार ते ठरवून ठेवलं होतं. पोरीला हिंगोलीच्या शाळेत घालायचं, हेही ठरलेलं.

"मेलेल्या बाईसाठी जित्त्या बाईचं घर इकून राहिले तुमी," ती त्याला माझ्यादेखत म्हणाली.

"आपल्या कॅमेऱ्यानं त्या मानसाची बायको गेली, सत्यशीला."

"बायको तापानं गेली."

तो कॅमेऱ्याची काच पुसायला लागला. मी मात्र बोललो. म्हटलं, "वैजनाथ, हौस तुझी हाय आन् नाव पंचफुलाबाईचं घेऊन राहिलास." पुढे बरेच दिवस आमचं बोलणं बंद होतं. माझं बोलणं खरं होतं असं मला अजूनही वाटतं, पण ते अर्धंच खरं होतं. हा माणूस खरोखर झुरत होता. जुन्या लग्नांचे फोटो उघडून मागच्या रांगा मोठ्या करून बघायचा आणि प्रत्येक म्हातारीचे चौकोन झाले की तिथेच कपाळ धरून बसायचा. जेवण कमी झालं. पोरीवर उगीच खेकसायचा. एक दिवस कॅमेरा घ्यायचा नक्की व्हायचं, दुसऱ्या दिवशी प्लॉट ठेवायचा, आणि दोन्ही दिवशी तो सारखाच दुःखी असायचा.

आणि दर बाजाराला नामाजी यायचा. स्टुडिओच्या पायरीवर बसायचा आणि विचारायचा, "आला का मोठा कॅमेरा?"

"येईल, मामा."

वैजनाथला त्याचा मोठा आधार वाटे. मेंढरं राखणाऱ्या माणसाला कळतं आणि घरच्यांना कळत नाही, असं मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा. असे बाजार येत गेले, जात गेले. शेवटी सत्यशीलाच मऊ पडली. डबा घेऊन आली होती, पायरीवर नामाजी बसलेला. आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "इका तो प्लॉट. मला त्या मानसाकडं बघवत न्हाई." डबा टेबलावर ठेवून ती तशीच परत गेली. हिंगोलीचा घेणारा ठरला, कागद करायचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी बाजार होता. नामाजी आला तो एका हातात दोरीला मेंढा आणि काखेत उपरण्यात गुंडाळलेली ती तसबीर घेऊन. मी पण माझ्या दुकानातून उठून गेलो, कारण मेंढा माझ्या काचांकडे फार आपुलकीने बघत होता.

"हा मेंढा इकून तुमच्या कॅमेऱ्यात घाला," नामाजी म्हणाला. "माझ्याकून तेवढंच व्हतंय. पन आता लवकर आना, बापू. तिचं वरीस जवळ आलं. त्याच्या आत ह्यातून तिचं तोंड निघालं पाह्यजे." आणि त्याने उपरणं सोडून तसबीर टेबलावर ठेवली. काच पुसून आणली होती.

वैजनाथ तसबिरीकडे बघतच राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. एरवी माझं तोंड कुणाच्याही आधी उघडतं. त्या दिवशी मी मेंढ्याकडे बघत राहिलो.

"मामा," वैजनाथ कसाबसा म्हणाला, "नवा कॅमेरा आला तरी ह्या फोटोतून काई निघायचं न्हाई. जे तवा आलंच न्हाई, ते आता कुठून आनू? तो कॅमेरा फुडच्या लग्नांसाठी हाय."

"हिच्यासाठी न्हाई?"

"न्हाई, मामा."

नामाजीने दोरी या हातातून त्या हातात घेतली. चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मंग मी इतके दिस काहून इचारून राहिलो व्हतो?" आणि मग, आमच्याकडे न बघता: "लग्नात ती मला म्हनली व्हती, त्या फोटोवाल्याला इचारा, माझा येकलीचा येक काढतेत का. नवं लुगडं नेसली व्हती. मला लाज वाटली. म्हनलं, पोराच्या लग्नात म्हातारीचा फोटो कशापायी? मी न्हाई इचारलं."

इतका वेळ वैजनाथ उभाच होता. काहीतरी केल्याशिवाय त्याला राहवेना म्हणून असेल, त्याने कपाटातून आपला तो जुना डिजिटल कॅमेरा काढला.

"मामा, तुमचा तरी काढू द्या."

"माझा काय करायचाय?" नामाजी म्हणाला, पण दारातल्या स्टुलावर बसला. मेंढ्याची दोरी मी धरली. बाहेरचा उजेड त्याच्या अर्ध्या तोंडावर येत होता. वैजनाथ वाकला, आणखी पुढे सरकला, गुडघा टेकून अगदी हातभरावर गेला आणि फोटो काढला.

कॉम्प्युटरवर तो उघडला तेव्हा मी पण बघत राहिलो. पागोट्याच्या विणीचा धागा न् धागा दिसत होता. दाढीचे पांढरे खुंट, डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या, ओठावरची जुनी खूण, आणि डोळ्यांत दारातला उजेड. भिंतीएवढा केला असता तरी फुटला नसता. त्याखाली कुणाला कोट बसवायची हिंमत झाली नसती.

नामाजी खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला आणि स्वतःकडे खूप वेळ बघत राहिला.

"नवा कॅमेरा आला व्हय?"

"न्हाई. त्योच हाय. लग्नातलाच."

"मंग त्याच्यात माझं येवढं समदं आलं," नामाजी म्हणाला, "तर तिचं काहून न्हाई आलं?"

वैजनाथने त्याच्याकडे मान वळवली नाही. "मी तिच्या जवळ गेलोच न्हाई, मामा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कागद करायला हिंगोलीला गेला नाही.