कमुरत्यातली गल्ली

शहरातले रस्ते इंजिनीयर ठरवतात असं तुम्हाला वाटत असेल, तर एकदा आमच्या बैठकीत येऊन बसा. बडोद्यात रस्ते पंचांग ठरवतं. मी रस्त्यांच्या खात्यात आहे. दिवाळी ओसरली की वर्षभराच्या कामांचा कार्यक्रम आखायला आम्ही बसतो. टेबलावर नकाशा आणि नकाशावर पंचांग, वाऱ्याने उडू नये म्हणून नव्हे, खरोखरच वाचायला. विसर्जनाची वाट श्रावण संपायच्या आत गुळगुळीत हवी. गरब्याकडे जाणारे रस्ते नवरात्राआधी. आणि जुन्या शहरातल्या, मांडवीच्या आतल्या गल्ल्या फक्त कमुरत्यात, म्हणजे संक्रांतीआधीच्या त्या महिन्यात, जेव्हा गुजरात्यांत कुणी लग्न करत नाही आणि आपल्यातही पौष म्हणून टाळतात. कारण त्या गल्ल्यांत मांडव दारात पडतो. जिथे मांडव, तिथे खड्डा कसा चालेल?

हा नियम घालून देणारे काका माझ्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहत. खात्यात ते माझे साहेब होते आणि निवृत्तीनंतरही साहेबच राहिले. कुठली गल्ली कधी खणणार, हे लोक खात्यात न विचारता त्यांच्या ओट्यावर येऊन विचारत. काका सांगत, लोक त्यावर लग्नाच्या तारखा धरत. मी त्यांची नक्कल फार छान करतो. चष्मा कपाळावर, हात मागे, आणि कुणाच्याही मुलीचं लग्न निघालं की पहिला प्रश्न, ‘गल्ली कुठली?’

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. फुप्फुसं. धाकटीचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की एवढं थांबू नका. भटजींनी पानं उलटसुलट केली आणि आपत्काल म्हणून पौषातला एक दिवस काढून दिला. घरातच, त्यांच्या खाटेपाशी, मोजक्या माणसांत. काकांना मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या, बाकी त्यांचं काही मागणं उरलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात आमची गल्ली खणायची होती.

मी हसत हसत खात्यातल्या आताच्या साहेबांकडे गेलो. हे साहेब गुजराती. कमुरत्यात लग्न कोण करतं, असं त्यांनी दोनदा विचारलं. कोण करतंय ते सांगितल्यावर मात्र त्यांनी आमची गल्ली उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पलीकडे ढकलली. मी पेढे घेऊनच घरी आलो. केवढा आव आणला होता मी.

यंत्र यायच्या दिवशी ते आलं नाही. खिडकीशी पडलेल्या काकांनी सकाळभर वाट पाहिली आणि मला बोलावून घेतलं.

“यादीतून गल्ली तू काढलीस?”

मी मानेनेच हो म्हटलं.

“समोरच्या शिंप्याच्या मुलीचं लग्न उत्तरायणानंतर आहे. मांडव दारात. रस्ता तोवर झालेला असेल, हे त्याला मी सांगितलंय.”

काकू दारात उभ्या होत्या. “जन्मभर गावाच्या मुलींची लग्नं सांभाळलीत,” त्या म्हणाल्या, “आता स्वतःचीच मुलगी तेवढी खड्ड्यापलीकडे उभी करा.”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझाच फोन मागून त्यांनी साहेबांना लावला. साहेब त्यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी ‘हो’खेरीज काय म्हणावं? दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत नळांसाठी चर, त्यावर फळ्या.

लग्नाच्या दिवशी मी सकाळी फळ्यांवर उभा राहून, व्याह्यांना हात धरून पलीकडे घेणार होतो. अगदी दरबारी थाटात, वाकून वगैरे. फेटासुद्धा बांधला होता. व्याही यायच्या आधीच काकांचा श्वास अडकला. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली, आत येईना. आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं आणि चौघांनी उचललं. फळ्या लवत होत्या. खणणारे मजूर चरात उतरून खालून फळ्यांना खांदा देत उभे राहिले. जेवढ्या वाटेत एरवी पान चघळून होत नाही, तेवढी वाट संपता संपेना. खुर्चीतून त्यांनी एकच सांगितलं, तुटक तुटक, “मुहूर्त चुकवू नका.”

मी त्यांच्याबरोबर गेलो, त्यामुळे लग्नाला मीही नव्हतो. दवाखान्यात, सोबत आलेल्या काकांच्या भाचीने फोनवर घरून येणारं चित्र लावून दिलं. अंतरपाट दिसला, दोन्ही बाजूंची डोकी दिसली. मी त्यांच्या मुठीत अक्षता ठेवल्या आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. मंगलाष्टकं ऐकू येत होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते. श्वास चालू होता, पण त्यांना ऐकू गेलं की नाही हे मला कळलं नाही, आणि डॉक्टरांनाही विचारायचा धीर झाला नाही. मूठ नर्सने उघडली. संध्याकाळी ते गेले.

काम थांबलं नाही. थांबवायला सांगणार कोण? नळ बसले, चर बुजला, डांबर पडलं, आणि तेराव्याला पाहुण्यांच्या गाड्या थेट दारापर्यंत आल्या. समोर शिंप्याकडे मांडवाचे बांबू उतरत होते. ते लोक आवाज न करता उतरवत होते. मी पानं वाढत होतो. काकूंनी माझ्या हातातून भाताचं पातेलं घेतलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “वेळेत झाला हं तुमचा रस्ता.”