अहवालाचं शेवटचं पान

आमच्या वरच्या मजल्यावरचे सर चहाला आले की एक चप्पल दारात, एक पायातच. बसा म्हटलं की "बसतो की," म्हणायचे आणि कप घेऊन खोलीभर फिरायचे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. नव्वदनंतर असल्या माणसांना काय भाव आला होता, तुम्हीही बघितलंच असेल. बजेट झालं की सरांच्या व्याख्यानाला हॉल भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीतल्या बायका त्यांना जिन्यात गाठून विचारायचो, सर, गॅस वाढणार का? ते उलट आम्हालाच विचारायचे, "वाढला, तर पुढं काय?" हे त्यांचं पालुपद. डोकं उठायचं माझं.

मग पुढाऱ्यांनाही सर लागायला लागले. आमचे हे ज्या सहकारी सूतगिरणीत कामाला होते, तिच्या चेअरमननी गिरणी चालवावी की बंद करावी, यावर सरांकडून अहवाल मागवला. महिनाभर वरून नुसत्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. एका सकाळी खाली आले. चहा नको म्हणाले.

"वहिनी, बंद करा, असं लिहिलंय. खोटं लिहिता येईना मला. पण शेवटच्या पानावर लिहिलंय, आधी कामगारांना दुसरीकडं लावा, मगच कुलूप घाला."

सभेत चेअरमननी पहिलं पान वाचलं. तेवढंच. अर्थतज्ज्ञच म्हणतात म्हटल्यावर कोण काय बोलणार? पुढच्या महिन्यात गिरणीला कुलूप लागलं. मी ह्यांना शेवटच्या पानाचं सांगितलं, तर म्हणाले, कुठाय, दाखव. सर जिन्यात दिसले की हे भिंतीकडं बघायचे. मीही चहाला हाक मारली नाही. राग होताच की माझ्या मनात, खोटं कशाला सांगू?

सर मात्र कामगारांचे अर्ज घेऊन दोन वर्षं कागलच्या एमआयडीसीत गेटागेटावर हिंडले. सात-आठ जण लागले कामाला. ह्यांनी अर्जच दिला नव्हता. तिकडूनच परत येताना एसटीत सरांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

शोकसभेला चेअरमन आले. सरांमुळंच धाडसी निर्णय घेता आला म्हणाले, आणि तेच पहिलं पान वाचायला लागले. माझ्या शेजारून हे उठले. मला वाटलं, निघाले घरी.

"सायेब, शेवटचं पान वाचा की."

चेअरमननी पीएकडं बघितलं. पीएनं फाईल खालीवर केली. पान नव्हतंच त्यात.

हे उभेच होते.

"मग मी सांगतो. आधी कामगारास्नी दुसरीकडं लावा, मगच कुलूप घाला. सरांनी लिवलं हुतं."