चार मिनिटांची वही

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी आठ वाजता, अमडापुरात, तिच्या स्वतःच्या घरात. पोलीस आले होते माझी सरकारविरोधी पत्रकं शोधायला. ती मी कधीच वाटून टाकली होती. मग रिकाम्या हातानं कसं जायचं? जमादारानं आत्याचा रेडिओ उचलला, धाब्याच्या छतावरची एरियलची तार तोडली आणि तिची वही काखोटीला मारली.

त्या वहीत काय होतं? रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी आत्याला बारीक खरखर ऐकू यायची. आपण बटण फिरवून पुढे जातो, ती थांबली. मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी बाई ती. खरखर कधी वाढते ते रोज घड्याळ पाहून लिहू लागली. वेळ रोज चार मिनिटं अलीकडे सरकत होती. तारेही रोज चार मिनिटं आधी उगवतात. म्हणजे हा आवाज ताऱ्यांकडचा. वर्षभरानं खरखर पहिल्या वेळेवर परत आली की शंका उरणार नव्हती. बारा दिवस राहिले होते.

मीही तिला टोचायचे, देश पेटलाय आणि तू खरखर ऐकतेस. ती म्हणायची, तुझ्या पत्रकात एक तरी गोष्ट मोजून लिहिलीस का?

जमादारानं वही उलटीसुलटी केली. "काऊन बाई, हे रोजचे टाइम कोनाले धाडता?"

"धाडत नाही बापा. वरून येते ते लिहतो."

"आन् रोज चार मिनिटं आंदी काऊन?"

"ते ताऱ्यायले इचारा."

पंचनाम्यात लिहिलं, 'शत्रूला इशारे देण्याच्या वेळा'. खाली दोन शेजाऱ्यांनी पंच म्हणून सही केली. याच दोघांनी गेल्या दसऱ्याला, दिवस मावळायच्या आधी, आत्याच्या ओसरीत बसून ती खरखर ऐकली होती, चहा पिऊन. निम्मं गाव होतं तिथे. पंचनाम्याच्या वेळी मात्र सगळ्यांनी खाली पाहिलं.

परवा मी तालुक्याच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाला, सोमवारी जप्तीचे कागद जाळायचे आहेत. गावातलं कोणी येऊन साक्ष देईल तर वही वाचेल, घरच्यांची धरत नाहीत. आत्या ते ऐकून पाटीवर वहीतल्या वेळा, हिशेबानं न काढता, आठवतील तेवढ्या लिहायला बसली. तीसही आठवल्या नाहीत.

गावकऱ्यांनो, तुम्ही दसऱ्याला त्या ओसरीत होता. सोमवारी दहाच्या आत कचेरीत या आणि साहेबासमोर सांगा, की ती खरखर तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकली.